चिन्हाआधी नाव : इंग्रजी विरामचिन्हांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कॉमा हे मुळात चिन्हाचे नाव नव्हते. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात ‘कोम्मा’ म्हणजे तोडलेला तुकडा, बोलण्यातला लहानात लहान खंड. त्याहून मोठा खंड तो ‘कोलोन’, म्हणजे शरीराचा अवयव. आणि फेरा मारून जागेवर परत येणारे सबंध वाक्य म्हणजे ‘पेरिओदोस’. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुखपद बायझँटियमच्या अ‍ॅरिस्टोफेनिसकडे होते. (नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिस वेगळा, सुमारे दोनशे वर्षे आधीचा.) या ग्रंथपालाने प्रत्येक खंडाच्या शेवटी एक ठिपका द्यायची पद्धत घातली. ठिपका एकाच आकाराचा, पण तो ओळीत किती उंचीवर बसवला आहे यावरून किती थांबायचे ते कळे. सर्वांत वरचा ठिपका वाक्य संपल्याचा. त्या ठिपक्यांना तेव्हा स्वतःची निराळी नावे होती. पुढे ती मागे पडली, आणि खंडांची नावे खंडांच्या टोकाशी बसलेल्या खुणांवर उतरली. आज मुद्रितशोधक ‘इथे कॉमा हवा’ म्हणतो तेव्हा तो एका तुकड्याचे नाव घेत असतो. तुकडा विसरला गेला, त्याची खूण उरली.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाच्या हाती पहिल्याच पानावर मला हे एक सूत्र द्यायचे आहे: विरामचिन्हांच्या इंग्रजी नावांत नाव बहुधा चिन्हापेक्षा जुने असते. ते दुसऱ्या कुठल्यातरी कामावरून, दुसऱ्या कुठल्यातरी धंद्यातून चिन्हाकडे आलेले असते. म्हणून नावांच्या मागे जायचे म्हणजे वाचनाच्या इतिहासात मागे जायचे. शब्दकोशात व्युत्पत्ती पाहून समाधान मानणाऱ्याला या प्रवासाचा फार थोडा भाग दिसतो.

आधी हे लक्षात घ्यावे लागते की प्राचीन ग्रीक व लॅटिन हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. रोमन लोक काही काळ दोन शब्दांमध्ये ठिपका देत असत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकानंतर तोही त्यांनी जवळपास सोडून दिला. पान म्हणजे अक्षरांची सलग ओळ. ती फोडून वाचणे हे वाचणाऱ्याचे कौशल्य होते, आणि वाचणे म्हणजे मोठ्याने वाचणे. अशा पानावर ठिपका देणे ही जणू गायकाने आपल्या प्रतीवर श्वासाची जागा टिपून ठेवावी तशी खासगी बाब होती. ती लेखकाची जबाबदारी मानली जात नसे.

हे बदलले ते लॅटिन ज्यांची मातृभाषा नव्हती त्यांच्यामुळे. सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडच्या मठांतले भिक्षू लॅटिन पुस्तकातून शिकत होते, कानावर पडून नव्हे. सलग ओळीतून शब्द वेगळे काढणे त्यांना जड जाई. त्यांनी शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली आणि विरामांच्या खुणाही वाढवल्या. पॉल सेंगर या अभ्यासकाचा १९९७ चा ग्रंथ याच मोकळ्या जागेवर आहे. शांतपणे, ओठ न हलवता वाचण्याची सवय तिच्यामुळे पसरली असे त्याचे प्रतिपादन आहे. ते सगळे मान्य करा वा करू नका, मला त्यातला एक धागा फार मोलाचा वाटतो. भाषा ज्याला परकी, तोच तिच्या पानाची जास्त काळजी घेतो. मराठीकडे येऊ तेव्हा हा धागा पुन्हा हाती लागेल.

आता कंसांकडे वळतो. माझ्या मते या विषयाचा सर्वांत रसाळ भाग हाच, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

गोल कंसांना अमेरिकेत पॅरेन्थिसिस म्हणतात, अनेकवचनी पॅरेन्थिसीझ. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘शेजारी आत ठेवणे’. पहिल्या शतकात रोमचा वक्तृत्वगुरू क्विंटिलियन याने या ग्रीक अलंकाराचे वर्णन केले आहे: एक विचार चालू असताना मध्येच दुसरा घालणे. त्याच्यासमोर कंस नव्हते. मध्ये घातलेले वाक्य वक्त्याच्या आवाजाच्या चढउतारावरून ओळखले जाई. १५८९ मध्ये जॉर्ज पटनम याने इंग्रजी काव्यावर ग्रंथ लिहिला आणि ग्रीक अलंकारांना घरगुती इंग्रजी नावे देण्याचा खटाटोप केला. त्यात पॅरेन्थिसिसला त्याने ‘इन्सर्टर’, म्हणजे मध्ये घालणारा, असे नाव दिले. म्हणजे तेव्हाही पॅरेन्थिसिस हे प्रथम वाक्य होते आणि नंतर रेघा. रेघा मात्र तोवर आल्या होत्या. फ्लॉरेन्सचा चॅन्सेलर कोलुच्चो सालुताती याच्या १३९९ च्या एका लॅटिन ग्रंथाच्या प्रतीत त्या दिसतात, आणि इंग्रज अभ्यासक माल्कम पार्क्स यांनी त्या जोडीला सर्वांत जुन्या ज्ञात उदाहरणांत जागा दिली आहे. पंधराव्या शतकात छापखान्यांनी त्या उचलल्या. इरॅस्मसने त्यांना ‘लुन्युला’ म्हटले, छोट्या चंद्रकोरी. इतके सुंदर नाव टिकले नाही याची मला आजही हळहळ वाटते. ग्रीक अलंकाराचे नाव वजनदार होते, शाळांत शिकवले जात होते, त्यापुढे चंद्रकोर हरली.

ब्रिटनमध्ये मात्र त्याच गोल रेघांना ‘ब्रॅकेट’ म्हणतात. अमेरिकेत ‘ब्रॅकेट’ म्हटले की चौकोनी कंस समजतात. हा फरक फक्त बोलण्याचा नाही, तो गणिताच्या वर्गापर्यंत पोहोचला आहे. क्रियांचा क्रम लक्षात ठेवायला ब्रिटिश वळणाच्या शाळांत ‘बॉडमास’ शिकवतात, त्यातला ब म्हणजे ब्रॅकेट. अमेरिकेत ‘पेमडास’, त्यातला प म्हणजे पॅरेन्थिसीझ. आपल्याकडच्या मराठी शाळांतले ‘कंचेभागुबेव’ यांचेच भावंड, आणि त्यात पहिला मान कंसाचाच. पुण्यात किंवा बंगळुरूत संगणक कंपनीत काम करणाऱ्या मराठी माणसाला लंडनचा सहकारी ‘ब्रॅकेट’ म्हणतो तेव्हा एक चिन्ह आणि न्यू जर्सीचा म्हणतो तेव्हा दुसरे चिन्ह ऐकावे लागते. त्यामुळे अशा कामात ‘राउंड’, ‘स्क्वेअर’, ‘कर्ली’ ही विशेषणे जोडूनच बोलण्याची सवय लागते. ही सवय चांगली आहे. तिने आकार सांगितला जातो आणि वाद मिटतो.

ब्रॅकेट हा शब्द आला कुठून? भिंतीतून पुढे आलेला, वरचे वजन पेलणारा टेकू म्हणजे ब्रॅकेट, हा त्याचा जुना अर्थ. त्याच्याही मागे बहुतेक फ्रेंच ‘ब्रागेत’ आहे, म्हणजे सोळाव्या शतकातल्या पुरुषांच्या विजारीला पुढून लावलेली फुगीर पिशवी. टेकूचा फुगवटा तसा दिसला असावा. छपाईतल्या चौकोनी कंसांना अठराव्या शतकात बऱ्याचदा ‘क्रॉचेट’ म्हणत, म्हणजे छोटा आकडा, हुक. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात तो शब्द या अर्थाने आहे. महिरपी कंसाला ‘ब्रेस’ म्हणतात; त्याच्या मुळाशी लॅटिन ‘ब्राकिया’, दोन बाहू. कवेत घेणे या अर्थाचा इंग्रजी शब्दही त्याच मुळाचा. कोनी कंसाला ‘शेव्हरॉन’ म्हणतात, आणि फ्रेंचमध्ये शेव्हरॉन म्हणजे छपराचा वासा. दोन वासे टेकले की तो कोन तयार होतो. पुढे १९६२ मध्ये केनेथ आयव्हर्सन या गणितज्ञाने अपूर्णांक खाली उतरवून किंवा वर चढवून पूर्णांक करण्याच्या क्रियांसाठी चौकोनी कंसांचे अर्धे कापून नवी चिन्हे केली. त्यांची नावे त्याने ठेवली ‘फ्लोअर’ आणि ‘सीलिंग’, जमीन आणि छत.

टेकू, वासा, जमीन, छत. ग्रीक नावांचे घराणे वक्त्याच्या बोलण्यातून आले, आणि हे दुसरे घराणे सुताराच्या, गवंड्याच्या कामातून. पहिले घराणे कानाचे, दुसरे डोळ्यांचे. कॉमा, कोलन, पीरियड ही नावे पान ऐकले जात होते तेव्हाची आहेत. ब्रॅकेट, ब्रेस, शेव्हरॉन ही पान पाहिले जाऊ लागल्यानंतरची. मला हे विभाजन या विषयातले सर्वांत उपयोगी वाटते. आणि मराठीत नावे देणाऱ्यांनीही कंसांसाठी घराकडेच पाहिले हे पाहून मन प्रसन्न होते: चौकटी कंसात दाराची चौकट आणि महिरपी कंसात कमानीची महिरप. त्यांनी इंग्रजी नावांचे भाषांतर केलेले नाही. आकार पाहिला, आणि आपल्या वाड्यांतून, देव्हाऱ्यांतून नावे उचलली. महिरप ही ब्रेसपेक्षा सरस आहे असे माझे प्रामाणिक मत आहे, कारण तिच्यात मधला तो टोकदार उंचवटाही येतो, जो बाहूंच्या प्रतिमेत हरवतो.

गणितात कंस वेगळ्या वाटेने शिरले. इटलीच्या तार्तालियाने १५५६ मध्ये गोल कंस वापरले. बोम्बेल्लीने त्याच सुमारास चौकोनी वापरले आणि फ्रान्सच्या व्हिएतने १५९३ मध्ये महिरपी. एकत्र धरायच्या पदांवर आडवी रेघ ओढण्याचीही पद्धत होती. तिला व्हिंक्युलम म्हणतात, लॅटिनमध्ये बंधन. वर्गमूळाच्या चिन्हावरची आडवी रेघ ही तीच, आजही आपल्या वह्यांत जिवंत असलेली. फ्लोरियन कॅजोरी यांचा गणिती चिन्हांचा दोन खंडी इतिहास १९२८-२९ मध्ये प्रसिद्ध झाला. या वाटेवर जायचे असेल तर तो उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि एका नावाचे तर दोन तुकडे झाले. १९३९ मध्ये पॉल डिरॅकने पुंजयांत्रिकीसाठी नवी चिन्हपद्धती मांडली. कोनी कंसात दोन राशी मधल्या उभ्या रेघेने विभागून लिहिल्या की एक संख्या मिळते. डिरॅकने तो कंस मधोमध तोडला, आणि ब्रॅकेट हा शब्दही तोडला: डावा अर्धा ‘ब्रा’, उजवा अर्धा ‘केट’. दोन्ही अर्धे आता स्वतंत्र सदिशांची नावे आहेत, आणि जगभरच्या पदव्युत्तर वर्गांत विद्यार्थी ती रोज उच्चारतात. टेकूपासून सुरू झालेला शब्द अणूच्या अवस्थेपर्यंत गेला, तो एका माणसाने त्याचे अक्षरशः दोन भाग केल्यामुळे.

तिरक्या रेघेची कथा थोडक्यात. मध्ययुगीन इंग्रजी हस्तलिखितांत अल्पविरामाचे काम तिरकी रेघ करी. तिला लॅटिनमध्ये ‘व्हिर्ग्युला’ म्हणत, छोटी काठी. ती काठी हळूहळू आखूड होत, खाली सरकत, वळत आजचा कॉमा झाली. फ्रेंचांनी ते नाव कायम ठेवले: त्यांच्या भाषेत कॉमा म्हणजे आजही ‘व्हिर्ग्यूल’. इंग्रजीने कॉमाला ग्रीक नाव दिले आणि ‘व्हर्ग्यूल’ हे नाव तिरक्या रेघेकडे ठेवले. त्याच रेघेला ‘सॉलिडस’ही म्हणतात. हे रोमन नाण्याचे नाव शिलिंगसाठी वापरले जाई आणि शिलिंग व पेन्स यांच्यामध्ये ती रेघ येई. आता ती बहुतेकांच्या तोंडी ‘स्लॅश’ आहे, तलवारीचा वार. एका रेघेची तीन नावे, आणि तिघांचे धंदे वेगळे: लेखनिक, सावकार, आणि संगणकापुढे बसलेला माणूस.

सेमीकोलनला आपल्याला जन्मस्थळ आणि साल दोन्ही देता येतात, हे या विषयात दुर्मीळ. व्हेनिसचा मुद्रक अल्डस मनुशियस याने १४९६ मध्ये पिएत्रो बेंबोचे एट्ना पर्वतावरचे छोटे लॅटिन पुस्तक छापले. अक्षरांचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले. त्या पुस्तकात ठिपक्याखाली शेपूट असलेली ही खूण प्रथम छापली गेली. पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी या चारही थांब्यांचे काटेकोर गणित बसवले. बिशप रॉबर्ट लाउथच्या १७६२ च्या व्याकरणात कॉमाच्या दुप्पट सेमीकोलन, त्याच्या दुप्पट कोलन आणि त्याच्या दुप्पट पीरियड असे प्रमाण दिले आहे, संगीतातल्या स्वरांच्या कालमापाशी तुलना करून. इंग्रजीने हा हिशेब पुढे सोडून दिला. पण मराठीची नावे पाहा: स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम. तो हिशेब आपल्या नावांत गोठून राहिला आहे असे मला दिसते. इंग्रजी नावे दोन हजार वर्षांत साचत गेली, म्हणून त्यांत ग्रीक अवयव आहे, लॅटिन काठी आहे आणि फ्रेंच वासा आहे. मराठी नावे एकोणिसाव्या शतकात, थोड्या लोकांनी, थोड्या काळात घडवली, म्हणून त्यांत एक शिस्त आहे, आणि त्या शिस्तीत त्या काळच्या व्याकरणाचा श्वास आहे.

उद्गारचिन्हाला इंग्रजीत फार काळ ‘नोट ऑफ अ‍ॅडमिरेशन’ म्हणत, कारण अ‍ॅडमिरेशन म्हणजे तेव्हा विस्मय. पुढे ओरडणे आले. छापखान्यांत त्याला ‘स्क्रीमर’ म्हणू लागले. संगणकवाल्यांनी अमेरिकेत ‘बँग’ केले, ब्रिटनमध्ये काहींनी ‘प्लिंग’. अवतरणचिन्हांच्या मागे अलेक्झांड्रियाची ‘दिप्ले’ नावाची समासातली बाणाकृती खूण आहे, जी लक्षणीय ओळीशेजारी देत. फ्रेंच अवतरणचिन्हांना ‘गिय्मे’ म्हणतात, गिय्योम या नावाचे लाडके रूप. जर्मन बोलीत अवतरणचिन्हे म्हणजे हंसाची, खरे तर बदकवर्गी राजहंसाची, छोटी पावले. आणि आपल्या संस्कृत-मराठी पोथ्यांत सुटलेले अक्षर कुठे घालायचे हे दाखवणाऱ्या खुणेला हंसपद किंवा काकपद म्हणतात. काम निराळे, देश निराळे, पाऊल त्याच पक्ष्याचे. इंग्रजीत त्या जागी ‘कॅरट’ आहे, लॅटिनमध्ये ‘उणे आहे’ असा त्याचा अर्थ. तिथे मात्र इंग्रजीने आकार सोडून काम निवडले.

विद्वानांच्या खुणांचे नाव काढल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही, कारण विरामचिन्हांचा एक मोठा ओघ श्वासातून आलाच नाही, तो संशयातून आला. अलेक्झांड्रियाचा पहिला ग्रंथपाल झेनोडोटस होमरची संहिता शुद्ध करत होता. ज्या ओळी त्याला होमरच्या वाटल्या नाहीत त्या त्याने पुसल्या नाहीत. त्यांच्याशेजारी एक आडवी रेघ दिली. तिला ‘ओबेलोस’ म्हणत, मांस भाजायची सळई. पुसण्याऐवजी खूण करण्याचा हा निर्णय मला संपादनशास्त्रातला सर्वांत थोर निर्णय वाटतो. पुढे अ‍ॅरिस्टार्कसने त्याच ग्रंथालयात आणखी खुणा जोडल्या. त्यांत ‘अ‍ॅस्टेरिस्कोस’, छोटा तारा; ज्या ओळी दुसरीकडेही आल्या आहेत त्यांच्यासाठी. तिसऱ्या शतकात ओरिजेनने बायबलच्या जुन्या कराराची हिब्रू व ग्रीक रूपे शेजारी शेजारी मांडली तेव्हा त्याने हीच दोन चिन्हे घेतली: ग्रीकमध्ये असून हिब्रूत नाही तिथे सळई, आणि हिब्रूत असून ग्रीकमध्ये नसल्याने भर घातली तिथे तारा.

तो तारा पुण्याला आला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत, काहीच हस्तलिखितांत आढळणारे आणि म्हणून मुख्य संहितेत न घेतलेले श्लोक तळटिपांत तारांकित क्रमांकाने छापले जातात. अभ्यासक त्यांना ‘स्टार पॅसेजेस’ म्हणतात. ज्या पाठाविषयी पुरेशी खात्री नाही त्याखाली नागमोडी रेघ असते. ओरिजेनचा तारा संहितेत भर घातल्याची खूण होता; सुकथनकरांचा तारा संहितेबाहेर ठेवल्याची. चिन्ह तेच, नाव तेच, अर्थ जवळजवळ उलट. आणि झेनोडोटसची नीती मात्र तशीच शाबूत: काहीही पुसायचे नाही, वाचणाऱ्याला सगळे दाखवायचे आणि आपला निर्णय खुणेने सांगायचा.

कंसांनीही हे काम घेतले. १९३१ मध्ये लायडन येथे शिलालेख आणि पपायरस वाचणाऱ्यांनी एक संकेत ठरवला. दगड फुटल्यामुळे गेलेली आणि संपादकाने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात. लेखकाने संक्षेप केलेला संपादकाने उलगडला तर गोल कंसात. कोरणाऱ्याच्या चुकीने सुटलेले अक्षर कोनी कंसात. चुकून जास्त कोरलेले महिरपी कंसात. आणि प्राचीन काळीच कुणी मुद्दाम खरडून काढलेले असेल तर दुहेरी चौकोनी कंसात. एका ओळीत दगडाचे नशीब, कोरणाऱ्याचा हात, शत्रूचा राग आणि संपादकाचा तर्क असे चारही वेगवेगळे दिसतात. हे पाहिल्यावर कंस हे बाजूला काही टाकायची जागा आहे असे कुणी म्हणणार नाही.

यंत्राच्या पर्वाविषयी मी आवरते घेतो. त्याचे साहित्य अफाट आहे. १९६३ च्या अमेरिकन अक्षरसंकेतात महिरपी कंस नव्हते, ते १९६७ च्या सुधारणेत आले. अनेक युरोपीय देशांनी त्या जागांवर आपली अक्षरे बसवली. कोपनहेगनमध्ये सी भाषेतला प्रोग्रॅम पडद्यावर पाहिला तर कंसांच्या जागी डॅनिश स्वर दिसत. म्हणून १९८९ च्या सी मानकात एका महिरपी कंसासाठी तीन चिन्हांचे पर्यायी रूप ठरवावे लागले. १९७२ मध्ये डॉन वुड्स आणि जेम्स लायन या दोघांनी इंटरकॅल नावाची विनोदी संगणकभाषा रचली, आणि तिच्यात सगळ्या चिन्हांना नवी नावे दिली: ठिपका ‘स्पॉट’, कॉमा ‘टेल’, सेमीकोलन या दोघांचा ‘हायब्रिड’, गोल कंसांची जोडी ‘वॅक्स’ आणि ‘वेन’, म्हणजे चंद्राचे वाढणे आणि क्षीण होणे. महिरपी जोडी ‘एम्ब्रेस’ आणि ‘ब्रेसलेट’. थट्टेत का होईना, इरॅस्मसची चंद्रकोर परत आली आणि लॅटिन बाहूही जागे झाले.

युनिकोडने नावांना कायद्याचे रूप दिले, आणि इथे आपले सूत्र एकदा उलटे फिरते: नाव अधिकृत झाले आणि बदलता येईनासे झाले. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत गोल कंस ‘उघडणारा’ आणि ‘मिटणारा’ होते. नंतर आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळवून घेताना त्यांचे ‘डावा’ आणि ‘उजवा’ झाले. अरबी आणि हिब्रू उजवीकडून लिहितात. तिथे ‘डावा’ कंस मजकुराच्या उजव्या टोकाला उघडतो आणि आरशातल्यासारखा फिरून दिसतो. काम सांगणारे नाव सोडून जागा सांगणारे घेतले की असे होते. शिवाय पूर्व आशियाई उभ्या लेखनाच्या एका कंसाच्या अधिकृत नावात ‘ब्रॅकेट’ या शब्दाची दोन अक्षरे उलटसुलट पडली आहेत. तोवर नावे कधीच बदलायची नाहीत असा नियम झालेला असल्याने ती चूक कायमची झाली. दुरुस्त रूप उपनाव म्हणून शेजारी नोंदवले गेले. झेनोडोटसला हे पटले असते असे मला वाटते.

मराठीकडे येतो. मोडीत शब्द तोडून लिहीत नसत. आधी सबंध ओळीवर रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे चालवायची. पोथ्यांत एकेरी आणि दुहेरी दंड होता. भाषेची स्वतःची सोय होती: संस्कृतात अवतरण संपले की ‘इति’, मराठीत ‘असे’ किंवा ‘म्हणून’. तोंडाने उच्चारायचे ते अवतरणचिन्हच, आणि ऐकणाऱ्याला ते अचूक कळे. छापील मराठीत इंग्रजी वळणाची विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात त्यांचा हात होता, पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे ते प्रमुख होते, आणि सरकारी पाठ्यपुस्तकांचे मराठी त्यांच्या नजरेखालून जाई. त्यांच्या मराठीवर टीका पुष्कळ झाली, काही योग्यही. पण आयर्लंडच्या भिक्षूंचा धागा इथे परत हाती येतो. मराठी ज्याच्या कानावर लहानपणापासून पडली नव्हती त्यानेच तिच्या पानावर थांबे मांडले. कान नसलेल्या वाचकासाठी चिन्ह लागते, आणि छापील पुस्तक अशाच वाचकाच्या हाती पडते, मग त्याची मातृभाषा कुठलीही असो.

हे क्षेत्र मराठी अभ्यासकाची वाट पाहत आहे. इंग्रजी नावांचा माग घ्यायला पार्क्स यांचा १९९२ चा ग्रंथ पुरेसा भक्कम पाया देतो. गोल कंसांपुरते बोलायचे तर जॉन लेनर्ड यांचा इंग्रजी काव्यातल्या कंसांवरचा १९९१ चा ग्रंथ आहे. मराठी बाजूसाठी मात्र मूळ कागदांकडेच जावे लागेल, आणि त्यासाठी माझी एक शिफारस आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू झाले. त्यात एकच मजकूर इंग्रजीत आणि मराठीत शेजारच्या दोन स्तंभांत छापला जाई. एक अंक समोर घ्यावा, इंग्रजी स्तंभातला प्रत्येक कॉमा, सेमीकोलन, कंस मोजावा, आणि त्याच जागी मराठी स्तंभात काय आहे ते नोंदवावे: चिन्ह, ‘असे’, ‘की’, दंड, नवे वाक्य, की काहीच नाही. नंतर दुसरा अंक घ्यावा.